वरचा मजला

संध्याकाळी फिरायला निघाले की बंगल्यांच्या पाट्या वाचत जायची मला सवय आहे. 'मातृछाया', 'कृष्णाई', 'श्रमसाफल्य', 'स्वप्नपूर्ती'. कऱ्हाडच्या आमच्या कॉलनीतले बहुतेक बंगले वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. बँकेतले, साखर कारखान्यातले, शाळा-कॉलेजांतले लोक निवृत्तीच्या आगेमागे बांधून राहायला आले. पाटी वाचून नजर वर गेली की वरचा मजला अंधारात असतो. खाली हॉलमध्ये टीव्हीचा निळसर उजेड, स्वयंपाकघरात एक दिवा, आणि वर गॅलरीत गेल्या दिवाळीचा आकाशकंदील तसाच लोंबकळतोय. घरात माणसं दोन, काही ठिकाणी एकच. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला.

समोरच्या काकू गुडघ्यांमुळे कित्येक महिन्यांत जिना चढलेल्या नाहीत. कामाच्या मावशी अधूनमधून वर जाऊन झाडून-पुसून येतात. परवा काकू सांगत होत्या, "अगं, वरच्या बाथरूममधून वास यायला लागला. प्लंबरला बोलावलं, तर तो म्हणाला, बिघडलं काहीच नाहीये. वापर नाही म्हणून भांड्यातलं पाणी आटलंय. खालचा वास ते पाणीच अडवतं म्हणे. तेव्हापासून दर आठवड्याला मावशी वर जातात आणि बादलीभर पाणी ओतून येतात."

कोणी वापरत नाही अशा संडासाची निगा म्हणून दर आठवड्याला एक बादली पाणी! दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मी हसले असते. पण काकूंचं लहानपण मला ठाऊक आहे. त्या वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या. १६० चौरस फुटांची एक खोली, तीत दहा माणसं, मजल्यावर सामायिक संडास. मुलींना कपडे बदलायचे तर पुरुषमंडळींनी बाहेर जाऊन उभं राहायचं. अशा खोलीतून निघालेल्या मुलीनं पुढे नोकरी करून, नवऱ्याच्या जोडीनं कर्ज फेडून चार बेडरूमचा बंगला बांधला, तर त्याला हव्यास म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या घरात स्वतःच्या दाराची आणि आतून लागणाऱ्या कडीची भूक आहे. आमच्या आणि आमच्या आधीच्या पिढीची मोठी घरं ही बऱ्याच अंशी बालपणातल्या अडचणीची भरपाई आहे.

लहान घराचे गोडवे गाणाऱ्यानं हे आधी ध्यानात घ्यावं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती, आणखी सुमारे ३२ टक्क्यांकडे दोन. त्यांच्यापुढे लहान घराचं कौतुक करणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगणं. पण त्याच जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली, आणि त्यांत सुमारे २० लाख घरांसह महाराष्ट्र पहिला. कॉलनीतले अंधारे वरचे मजले तर या मोजणीत येतही नाहीत, कारण खाली कोणीतरी राहत असतं. मी लिहिते आहे ते या दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी: ज्यांना पुरेसं मिळालं आहे, आणि पुरेसं कुठे थांबवायचं हे ठरवण्याची मोकळीकही मिळाली आहे. त्यांत मीही आले.

मोठी घरं पूर्वीही होती. माझं आजोळ साताऱ्याकडचं. ढेलज, सोपा, माजघर, कोठीची खोली, मागं परडं, असं चांगलं ऐसपैस घर. पण तिथली एकही जागा रिकामी बसलेली मी पाहिली नाही. वर्षाचं धान्य कणगीत आणि बळदात. माळ्यावर कांदे, लसूण, बियाणं. एका कोपऱ्यात सरपण, दुसरीकडे गोवऱ्या. अंधारी म्हणून आम्ही मुलं जिला भ्यायचो ती आतली खोली बाळंतिणीची. घरात कोणी ना कोणी माहेरी आलेलीच असे, त्यामुळे त्या खोलीत शेक-शेगडीचा धूर कायम. पापड-कुरडयांची वाळवणं अंगणात आणि माळवदावर. लग्न निघालं की दारात मांडव पडायचा, आणि वऱ्हाडाचा जानवसा शेजारच्यांच्या घरात. शेजाऱ्यांनी दोन दिवस आपलं घर मोकळं करून द्यायचं, यात कोणाला उपकार वाटत नसत. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न असायचं.

यातलं एकेक काम पुढच्या पन्नास वर्षांत घराबाहेर पडलं. बाळंतपण दवाखान्यात गेलं, लग्न मंगल कार्यालयात, बारसं आणि साठीशांत हॉटेलच्या हॉलमध्ये. धान्य आता पाच किलोच्या पिशवीत येतं, वाळवणं बचत गटाकडून येतात, सरपणाची जागा सिलिंडरनं घेतली. आजारी माणूस आयसीयूत, वयात आलेली मुलं हॉस्टेलवर. एवढं सगळं बाहेर गेल्यावर घर आक्रसायला हवं होतं. ते वाढलं. हे फक्त आपलंच झालं असंही नाही. अमेरिकेत नव्यानं बांधलेल्या घराचा सरासरी आकार १९७३ मध्ये सुमारे १,६६० चौरस फूट होता, तो २०१५ मध्ये २,६८० च्या पुढे गेला, आणि त्याच काळात घरातली माणसं सरासरीनं कमी झाली. तिकडच्या सारा सुसांका या वास्तुविशारद बाईंनी १९९८ मध्ये 'नॉट सो बिग हाउस' नावाचं पुस्तकच लिहिलं, आणि ते तडाखेबंद खपलं. म्हणजे तिथेही कोणालातरी ओझं जाणवत होतं.

या ओझ्याचं वजन काढता येतं. कुठल्याही ठेकेदाराला विचारा, अंदाज तोंडपाठ असतो: आरसीसी बांधकामाला चौरस फुटामागे सिमेंटची साधारण ०.४ पोती आणि चार किलोपर्यंत सळई. आता बारा बाय बाराची 'पाहुण्यांची खोली' घ्या. भिंती धरून १७० चौरस फूट. सिमेंट झालं ६८ पोती, म्हणजे ३,४०० किलो. सळई ६५० किलोंच्या आसपास. सिमेंट करायचं म्हणजे चुनखडी सुमारे १,४५० अंशांवर भाजायची. भट्टीच्या इंधनाचा धूर तर होतोच, पण खुद्द त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून मोठा वाटा त्याचाच. त्यामुळे भट्टीला सौर वीज दिली तरी तो वाटा राहतोच. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे. आपल्या खोलीचा हिशेब केला तर सिमेंटचे साधारण दोन टन आणि लोखंडाचे दीड टन, असा साडेतीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. विटा, क्रश सँड, फरशी, रंग, वायरिंग अजून धरलेलंच नाही. भारतीय माणसाचं वर्षभराचं सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे पाहुणा यायच्या आधीच त्या खोलीनं एका माणसाचं पावणेदोन वर्षांचं खाऊन टाकलं.

पुढचा खर्च वेगळा. स्लॅब पडला, पेढे वाटले, वास्तुशांत झाली, की खोली दर उन्हाळ्यात तापते, दर पावसाळ्यात तिच्या गच्चीची गळती बघावी लागते, दर पाच-सात वर्षांनी रंग मागते. तिच्यात ठेवायला पलंग येतो, पलंग आला की कपाट येतं, आणि कपाट रिकामं राहिलेलं अजून कोणी पाहिलेलं नाही.

आम्ही दोघांनी तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर साडेसातशे चौरस फुटांचं बैठं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा पहिला धक्का मिस्त्रींना बसला. चुन्याच्या फक्कीनं आखणी झाली, आणि पांढऱ्या रेघांच्या मधोमध उभं राहून ते म्हणाले, "वहिनी, आवो येवढंच? बाकीच्या जागंत काय करणार?"

"झाडं लावणार."

"झाडाचं भाडं येत न्हाई."

माझ्या दिरांचं म्हणणं जास्त मुद्देसूद होतं. "एफएसआय वाया घालवताय तुम्ही. उद्या विकायला काढलंत तर कोण घेईल?" लहान घराला खरा विरोध इथून असतो. आपण घर स्वतःसाठी बांधतोय असं म्हणतो, पण नकाशात दोन अनोळखी माणसं येऊन बसलेली असतात: एक, वर्षातून चार दिवस येणारा पाहुणा, आणि दुसरा, वीस वर्षांनी घर विकत घेणारा कोणीतरी. त्या दोघांना शेजारी बसवून आपण उरलेल्या जागेत आपला संसार मांडतो. आम्ही त्यांना नकाशातून उठवलं, एवढंच.

इंजिनियर तरुण होता आणि लॉरी बेकरांचा भक्त निघाला. बेकर हे वास्तुविशारद मूळचे बर्मिंगहॅमचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत अडकले असताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली. पुढे ते भारतात परत आले आणि इथेच राहिले, आधी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांसाठी इमारती बांधत, हिमालयात पिथौरागडला, आणि मग केरळात. आदर्श घराचं साहित्य घरापासून पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर मनावर घेतला. तिरुअनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज त्यांनी बांधलं ते विटांचंच, गिलाव्याचा थाट न करता. त्यांनी लोकप्रिय केलेला रॅट-ट्रॅप बाँड आमच्या मिस्त्रींनी हातातल्या चार विटांनी आधी जमिनीवर मांडून पाहिला. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची. दोन विटांच्या पाळ्या समोरासमोर, मधे पोकळी, आणि त्यांना जोडणारी एक आडवी वीट. भिंत नेहमीसारखी नऊ इंचीच, पण विटा सुमारे पाव हिश्शानं कमी लागतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत उतरायला वेळ लागतो. पहिले दोन थर मिस्त्री कुरकुरत होते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवरच्या गवंड्याला बोलावून तेच समजावत होते, "हितं मसाला भरायचा न्हाई. पोकळीच कामाची हाय."

स्लॅबमध्ये त्यांनी जुन्या घराची उतरवलेली मंगळोरी कौलं घातली. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं वजन पेलत नाही, ती जागा कौलांनी भरली की काँक्रीट वाचतं. खालून छताकडे पाहिलं की कौलांची नक्षी दिसते, तिला रंग लागत नाही. एप्रिल-मेमध्ये कऱ्हाड भाजून निघतं, पण समोरासमोरच्या खिडक्या आणि पश्चिमेचा कडुनिंब यांच्या जिवावर आमचं पंख्यावर भागतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची माळवदं यांनीच झोपलेल्या माणसांना गाडलं. त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. आम्ही तर कोयनेच्या शेजारचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. म्हणून आमच्या विटांच्या भिंतींनाही जोत्याला, लिंटलला आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा आहे, कोपऱ्यांच्या पोकळीतून उभ्या सळया गेल्या आहेत. पर्यावरणाच्या नावाखाली जिवाशी खेळ करायचं कारण नाही. जिथे सिमेंट लागतं तिथे ते वापरावंच. वाचवायचं ते जिथे लागत नाही तिथे.

राहायला आल्यावर त्रासही झाला. मिक्सर चालू असला की फोनवर बोलता येत नाही. भांडण झालं तर रुसून जायला दुसरी खोली नाही, फार तर ओसरीवर जाऊन बसता येतं, आणि तिथे येणारे-जाणारे 'काय, चहा झाला का?' विचारतात. पुस्तकं दोनदा निवडून वाचनालयाला द्यावी लागली. दिवाळीत भाचरं आली तेव्हा बैठकीत गाद्या घालून आठ जणांची सोय झाली, दोघांची होईना. मग काकूंना विचारलं. "अगं, विचारतेस काय? वरचे चारही पलंग रिकामेच आहेत," म्हणाल्या. त्या चार दिवसांत वरच्या मजल्यावर दिवे होते आणि मावशींना बादली घेऊन जावं लागलं नाही. जानवशाची जुनी रीत अशी मागच्या दारानं परत आली.

लहान घराचं गणित सेवाग्रामला नीट कळतं. वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. आज जी बापू कुटी म्हणून ओळखली जाते ती मीराबेननं स्वतःसाठी बांधली होती. मातीच्या भिंतीवर तिनं हातानं उठवलेली खजुराची झाडं अजून आहेत. वर कौलं, आत बांबू, जमिनीवर चटई आणि बुटकं मेज. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ च्या जानेवारीत परिषदेसाठी तिथे आला, तेव्हा त्याचं भाषण या कुटीवरच झालं. वस्तूंनी भरलेली घरं माणसाला परावलंबी करतात, असा त्याचा रोख होता. मला मात्र तिथे कुटीपेक्षा कुटीच्या आजूबाजूचं जास्त भावलं. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. प्रार्थनेला झाडाखालचं मैदान. कस्तुरबांची कुटी वेगळी, महादेवभाईंची वेगळी, आणि कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्र्यांसाठी एक स्वतंत्र. कुटी लहान ठेवता आली, कारण बाकीचं आयुष्य अंगणात आणि इतरांबरोबर होतं.

चाळीतली माणसं एका खोलीत निभावून नेत, तेही व्हरांडा, जिना, गणपतीचा मांडव आणि समोरचं मैदान यांच्या बळावर. म्हणून एकट्या घरमालकाला उपदेश करून भागणार नाही. गावात चालू असलेलं वाचनालय, संध्याकाळी बसण्यासारखी बाग, मुलांना मैदान आणि परवडणारं स्वच्छ सभागृह असेल, तर माणूस हॉल वीस बाय तीसचा मागणार नाही. यातलं काहीच नसेल तर तो सगळं आपल्या कंपाउंडच्या आत बांधायला जाणार. नगरपालिका बागेचं आरक्षण उठवते, तेव्हा पन्नास घरांचा एकेक कोपरा वाढतो.

आता एक नवी तऱ्हा निघाली आहे. वाई-भोर-मुळशीकडे डोंगरउतारावर मातीचा गिलावा केलेले, कौलारू, सौर पॅनल लावलेले, पावसाचं पाणी साठवणारे मोठमोठे बंगले. दिसायला देखणे, आणि मालक महिन्यातून दोन शनिवार-रविवार येतो. चार-पाच हजार चौरस फुटांचं घर दोघा-तिघांनी अधूनमधून वापरायचं, आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं, हे मला पटत नाही. भिंतीला माती थापली म्हणून डोंगराचा कापलेला उतार भरून येत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेनं भिंती-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली, ते चांगलंच झालं. पण घर किती मोठं असावं हे असे नियम ठरवत नाहीत, आणि त्यांनी ठरवूही नये. ती मर्यादा ज्याची त्यानंच घालायची आहे. घर पर्यावरणाला किती जड जाणार हे विटा आणि पॅनल निवडण्याच्या आधीच, क्षेत्रफळ लिहिताना बरंचसं ठरून गेलेलं असतं.

तुम्ही घर बांधायच्या बेतात असाल तर नकाशा मंजुरीला पाठवण्याआधी एक संध्याकाळ तो जेवणाच्या टेबलावर पसरा. घरातली सगळी माणसं भोवती बसा. प्रत्येक खोलीवर पेन्सिलीनं लिहा: गेल्या वर्षभरात ही खोली असती तर किती दिवस लागली असती? मुलं कुठे स्थायिक होणार आहेत, याविषयी एकमेकांशी खरं बोला. जिना कोणत्या वयापर्यंत चढणार तेही बोला. ज्या खोलीपुढचा आकडा महिनाभराच्याही आत राहील, ती खोडा. कागदावरची खोली खोडायला रबर पुरतं. बांधून झालेली खोली कोणी पाडत नाही, तिला आयुष्यभर झाडत बसावं लागतं.